कोकणकडा ते रेहेकुरी : ट्रायपॉडची निवड

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि भंडारदऱ्याचा जलाशय आहे. पूर्वेकडे शेवगाव-नेवाशाच्या हद्दीत नाथसागराचे पसरट पाणी आहे, दक्षिणेस कर्जत तालुक्यात रेहेकुरीचा काळविटांचा माळ आहे, आणि मधोमध निजामशाही राजधानीच्या खुणा जपणारे शहर आहे. या चारही ठिकाणी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला एकच ट्रायपॉड सगळीकडे सारखाच उपयोगी पडेल, ही अपेक्षा धरून केलेली खरेदी बहुधा वाया जाते. कारण कड्यावर हलका पडणारा ट्रायपॉड मंगल कार्यालयात पुरेसा ठरतो आणि मंगल कार्यालयातला भक्कम ट्रायपॉड बारी गावातून कळसूबाईवर चढताना लोखंडी शिड्यांवर ओझे होतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी वर्षभरात आपण बहुतेक छायाचित्रे कोठे, कोणत्या वेळी आणि कोणत्या भिंगाने घेतो याचा हिशेब मांडणे, हे या खरेदीतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

हातात धरलेला कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी एक जुना ठोकताळा वापरला जातो : भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगितला जाणारा त्याचा आकडा, जितका असेल, सेकंदाच्या साधारण तितक्याव्या भागापेक्षा शटर अधिक काळ उघडे राहू नये. ५० मिमी भिंगाला १/५० सेकंद चालतो, तर ४०० मिमी भिंगाला १/४०० सेकंद लागतो. आजकालच्या कॅमेऱ्यांतील आणि भिंगांतील कंपनरोधक यंत्रणा ही मर्यादा बरीच सैल करतात, त्यामुळे पूर्वी ट्रायपॉडवाचून न जमणारी पुष्कळ कामे आता हातात कॅमेरा धरून होतात, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास दिसणारे इंद्रवज्र, म्हणजे दरीतील धुक्यावर पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती उमटणारे रंगीत वलय, सूर्यप्रकाश असतानाच आणि थोडा वेळच दिसते. ते टिपायला ट्रायपॉड उघडत बसणे म्हणजे ते गमावणे होय. मात्र रात्रीचे आकाश, काजवे, धबधब्याचे रेशमी पाणी, अंधाऱ्या वास्तूंचे अंतर्भाग, मोठ्या भिंगाने तासन्‌तास होणारे पक्षिनिरीक्षण आणि सलग चित्रीकरण या कामांना आजही ट्रायपॉडला पर्याय नाही, आणि निवडीचा विचार याच कामांच्या अनुषंगाने करावा लागतो.

खोक्यावर ठळक छापलेला ‘भारक्षमता’ हा आकडा ग्राहकाला सर्वाधिक भुलवतो. एखादा ट्रायपॉड आठ किलो वजन पेलतो याचा अर्थ तेवढ्या वजनाखाली तो मोडत नाही किंवा घसरत नाही, इतकाच असतो. तेवढे वजन असताना चित्र धारदार येईल, असे त्यातून सिद्ध होत नाही. हा आकडा ठरवण्याची प्रत्येक उत्पादकाची रीत निराळी असल्याने दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाही फारशी अर्थपूर्ण नसते. खरा प्रश्न ताठरतेचा आहे, म्हणजे वाऱ्याची झुळूक, शटरची हालचाल किंवा बोटाचा धक्का लागल्यावर पाय किती वाकतात आणि थरथर किती लवकर शमते याचा. ही ताठरता मुख्यतः नळीच्या व्यासावर अवलंबून असते, आणि पातळ भिंतीच्या नळीत भिंतीची जाडी तीच राहिली तर ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २२ मिमीऐवजी २८ मिमी व्यासाची नळी घेतली की ताठरता सुमारे दुप्पट होते. दोन ट्रायपॉडमध्ये निवड करताना भारक्षमतेचे आकडे बाजूला ठेवून सर्वांत वरच्या आणि, विशेषतः, सर्वांत खालच्या नळीचे व्यास ताडून पाहणे अधिक विश्वसनीय असते. पायाचा प्रत्येक पुढचा भाग आधीच्यापेक्षा साधारण तीन-चार मिमीने बारीक असतो, आणि सगळी रचना शेवटी त्या सर्वांत बारीक भागावर उभी राहते.

यावरून पायांचे भाग किती असावेत याचाही निर्णय होतो. तीन भागांचा पाय कमी सांध्यांमुळे ताठ असतो आणि चटकन उघडतो, पण मिटल्यावर लांब राहतो. पाच भागांचा पाय पाठपिशवीत सहज मावतो, पण त्याचा शेवटचा भाग बोटाएवढा बारीक असतो. एसटीने किंवा दुचाकीने राजूर, भंडारदरा गाठून पुढे पायी चढणाऱ्याला चार भागांचा ट्रायपॉड हा समंजस मध्यम मार्ग ठरतो. मधला दांडा, ज्याला सेंटर कॉलम म्हणतात, उंची वाढवण्यासाठी दिलेला असला तरी तो पूर्ण वर काढला की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखी स्थिती होते आणि आधीच्या सगळ्या ताठरतेवर पाणी पडते. त्यामुळे ट्रायपॉडची उंची मोजताना हा दांडा खाली ठेवून मोजावी. १७० सेमी उंचीच्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून सुमारे १५९ सेमीवर असतात. त्यातून हेडची सुमारे १० सेमी आणि कॅमेऱ्याच्या तळापासून दर्शिकेपर्यंतची सुमारे ८ सेमी उंची वजा केली, तर पायांची १४० सेमी उंची सपाट जमिनीवर पुरेशी होते. डोंगरउतारावर मात्र खालच्या बाजूचा पाय अधिक लांब करावा लागतो, आणि आकाशाकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचा पडदा जमिनीकडे वळत असल्याने पाहणाऱ्याला गुडघे टेकावे लागतात; सह्याद्रीत फिरणाऱ्याने म्हणूनच आणखी दहा-पंधरा सेमीची तजवीज ठेवावी.

नळ्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या, म्हणजे कार्बनच्या तंतूंना राळेत बसवून केलेल्या संमिश्र द्रव्याच्या, असतात. कार्बनची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे ६० टक्के असते आणि कंपने शोषण्याचा त्याचा गुण चांगला असतो; शिवाय डिसेंबरच्या पहाटे गडावर धातूची नळी हाताला जशी झोंबते तशी कार्बनची झोंबत नाही. मात्र या द्रव्याला ठोक्याचा, विशेषतः कड्याच्या धारेवर आपटण्याचा, धोका असतो. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, पण कार्बनची नळी तडकते. ज्याचा ट्रायपॉड बहुतांशी मोटारीतून जातो आणि स्टुडिओत किंवा घरात उभा राहतो, त्याने कार्बनसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे काही कारण नाही. ते पैसे चांगल्या हेडवर खर्च करणे शहाणपणाचे होईल. पाचनईतून हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला मात्र अर्धा किलो वजनाचा फरक खऱ्या अर्थाने जाणवतो, कारण जड वाटणारा ट्रायपॉड पायथ्याच्या घरीच ठेवला जातो आणि घरी ठेवलेल्या ट्रायपॉडची ताठरता कोणाच्याच उपयोगाची नसते.

हलक्या ट्रायपॉडची कसोटी कोकणकड्यावरच्या वाऱ्यात लागते. दरीतून उसळून वर येणारा वारा तेथे अनेकदा अंगावर धावून आल्यासारखा असतो, आणि अशा वेळी मधल्या दांड्याच्या टोकाला असलेल्या आकड्याला पाठपिशवी टांगण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे : अधांतरी लोंबकळणारी पिशवी वाऱ्याने हेलकावे घेते आणि उलट थरथर निर्माण करते, म्हणून पिशवीचा तळ जमिनीला टेकलेला राहील अशा बेताने पट्टा ताणून बांधावा. त्याबरोबरच पाय पूर्ण न उघडता ट्रायपॉड बुटका ठेवणे, एक पाय वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे, रोखणे आणि कॅमेऱ्याचा फडफडणारा पट्टा काढून ठेवणे या तीन गोष्टी महागड्या ट्रायपॉडपेक्षाही अधिक उपकारक ठरतात. कड्याच्या अगदी धारेवर ट्रायपॉड उभारून त्याच्या मागे अंधारात वावरणे जिवावरचे आहे, हे निराळे सांगायला नको असे वाटते, तरीही ते सांगितलेच पाहिजे.

पायांचे भाग घट्ट करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. फ्लिप लॉकमध्ये खटका उघडून मिटायचा असतो, तो लागला की नाही हे डोळ्यांना दिसते आणि थंडीत बधिर बोटांनाही तो जमतो. ट्विस्ट लॉकमध्ये कडे पिळून घट्ट करायचे असते, त्याला बाहेर आलेले काही नसल्याने झुडपात ते अडकत नाही, पण त्याच्या आट्यांत वाळू शिरली तर ते करकरते. निघोजला कुकडीच्या पात्रात, जेथे पुराबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कातळ कोरून रांजणखळगे तयार झाले आहेत, किंवा हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात, जेथे शिवलिंगाभोवती थंड पाणी साचलेले असते, तेथे हा भेद महत्त्वाचा होतो. एरवी पाय उघडताना वरचे जाड भाग आधी काढावेत, म्हणजे बारीक भागाची गरजच उरत नाही; परंतु पाण्यात किंवा वाळूत उभे करायचे असेल तर क्रम उलटा करून सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण काढावा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर कोरडे राहतात. रांजणखळग्यांसारख्या उंचसखल कातळावर प्रत्येक पाय स्वतंत्र कोनात पसरता येणे अपरिहार्य असते, म्हणून तिन्ही पायांना मध्यभागी पट्ट्यांनी जोडणारे, स्वस्तात मिळणारे ट्रायपॉड तेथे निरुपयोगी ठरतात. पायाखालचे रबरी बूट कातळावर पकड घेतात आणि टोकदार खिळे मऊ मातीत. काळ्या, ओल्या रानात मात्र खिळा नुसता रुतत जातो, तेथे रुंद बूटच बरे.

पायांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष हेडकडे द्यावे लागते. हेड म्हणजे पाय आणि कॅमेरा यांच्यामधला, कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून पक्का करणारा भाग. निसर्गचित्रणाला बॉल हेड, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या गोळ्यावर आधारलेले हेड, सोयीचे असते. एका खिट्टीने ते सर्व दिशांना सुटते आणि आवळले जाते. त्याचा दोष असा, की हलक्या प्रतीच्या हेडमध्ये खिट्टी आवळल्यानंतरही कॅमेरा केसभर खाली सरकतो. दिवसा हे लक्षात येत नाही, रात्री येते. भंडारदरा, घाटघर, साम्रद आणि पुरुषवाडी या परिसरात मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत काजव्यांनी झाडे लखलखतात, आणि त्यांचे चित्र बहुधा एकाच चौकटीत घेतलेले पंधरा ते तीस सेकंदांचे अनेक क्षण एकावर एक रचून तयार होते. अर्ध्या तासात हेड किंचित जरी खचले, किंवा वळवाच्या सरीने भिजलेल्या मातीत एक पाय रुतला, तरी झाडाची फांदी दुहेरी दिसू लागते आणि सगळी बैठक फुकट जाते. काजव्यांचे लुकलुकणे हा नर-मादीचा संकेत असल्याने तेथे टॉर्च आणि फ्लॅश वर्ज्य मानावा; ट्रायपॉड उजेडीच लावून, खिट्ट्यांची जागा बोटांना पाठ करून ठेवावी, आणि दिव्याशिवाय चाचपून वापरता येईल असे मोठ्या, वेगवेगळ्या आकारांच्या खिट्ट्यांचे हेड निवडावे.

आकाशगंगेच्या चित्रणाला आणखी एका गोष्टीची गरज पडते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे रेषेसारखे ओढले जाऊ नयेत यासाठी ५०० या संख्येला नाभीय अंतराने भागून येणाऱ्या सेकंदांपेक्षा अधिक काळ शटर उघडे ठेवत नाहीत; २० मिमी भिंगाला पूर्ण आकाराच्या संवेदकावर हा काळ २५ सेकंद येतो, तर लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर सोळा-सतरा. भंडारदऱ्याचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश असल्याने ध्रुवतारा तेथे उत्तर क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो, त्यामुळे जलाशय आणि ध्रुवाभोवतीची ताऱ्यांची वर्तुळे एकाच आडव्या चौकटीत बसवता येतात. आकाशगंगेचा केंद्रभाग मात्र दक्षिणेस जास्तीत जास्त सुमारे ४१ अंशांपर्यंत चढतो, आणि खाली रतनगडाचा सुळका व वर तो केंद्रभाग घ्यायचा तर चौकट उभी करावी लागते. बॉल हेडच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडला की त्याचे वजन एका बाजूला लटकते आणि तोल जातो. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पट्टी कॅमेऱ्याला बसवली तर कॅमेरा उभा असतानाही वजन मध्यावर राहते. ही पट्टी आणि खालची पकड सुमारे ३८ मिमी रुंदीच्या, आर्का-स्विस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाचेची असावी, कारण अनेक कंपन्यांचे सुटे भाग त्या मापात परस्परांना बसतात. स्वतःच्याच मापाची प्लेट देणाऱ्या हेडची प्लेट हरवली तर ती तालुक्याच्या गावी मिळणे दुरापास्त होते.

वास्तूंचे चित्रण करणाऱ्याला बॉल हेड त्रासाचे वाटते, कारण एक दिशा सरळ करताना दुसरी बिघडते. अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर असलेली सलाबतखानाची अष्टकोनी कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात, किंवा रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर चौकटीत बसवताना उभ्या रेषा काटेकोर उभ्या राहाव्या लागतात. त्यासाठी आडवी, उभी आणि कलती अशी प्रत्येक हालचाल स्वतंत्र दांड्याने करणारे तिहेरी पॅन हेड अधिक अचूक असते. लग्नसमारंभाच्या चित्रीकरणाचे गणित तर पूर्णच वेगळे आहे. तेथे कॅमेरा वरमाला घालणाऱ्या हातांबरोबर हळुवार फिरला पाहिजे, म्हणून दाट वंगणाच्या रोधाने धक्के गिळणारे फ्लुइड हेड आणि त्याला सपाटीवर आणणारी वाटीच्या आकाराची बैठक असलेला जड ट्रायपॉडच घ्यावा. छायाचित्रणाच्या ट्रायपॉडवर भागवून घेतलेले चित्रीकरण गचके खाते, आणि ते यजमानाला आयुष्यभर पाहावे लागते.

नाथसागरावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी ५०० किंवा ६०० मिमी भिंग लावणाऱ्याला गिंबल हेड, म्हणजे जड भिंग त्याच्या गुरुत्वमध्यावर झुलते ठेवणारे हेड, उपयुक्त ठरते. मात्र दुपारी पाण्यावरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या थरथरीने येणारी अस्पष्टता कोणताही ट्रायपॉड दूर करू शकत नाही, तिच्यावर सकाळी लवकर जाणे हाच उपाय आहे. रेहेकुरीत काळवीट टिपताना खाली बसून किंवा वाहनाच्या खिडकीतून चित्र घ्यायचे असेल तर ट्रायपॉडपेक्षा जाड कापडाची, ज्वारीने तीन चतुर्थांश भरलेली पिशवी अधिक चांगली बसते. प्रवासाला ती रिकामी नेता येते आणि ज्वारी या जिल्ह्यात कोठेही मिळते. पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीच्या किंवा मढीच्या यात्रेतील गर्दीत तीन पाय पसरणे इतरांना अडखळवणारे असते, तेथे मोनोपॉड, म्हणजे एकच पाय, पुरेसा आधार देतो.

किमतीबाबत एक मत स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे : अगदी स्वस्त ट्रायपॉडपासून सुरुवात करून पुढे सुधारत जाण्याचा मार्ग अखेरीस सर्वांत महाग पडतो, कारण पहिला ट्रायपॉड वर्षभरात डगमगतो, दुसरा तडजोडीचा असतो आणि तिसरा तोच असतो जो प्रथम घ्यायला हवा होता. खर्चाला मर्यादा असेल तर कार्बनचा मोह सोडून जाड नळीचे ॲल्युमिनियमचे पाय आणि स्वतंत्र, चांगले बॉल हेड घ्यावे. पाय आणि हेड यांना जोडणारा स्क्रू बहुतेक वेळा ३/८ इंचाचा आणि कॅमेऱ्याचा १/४ इंचाचा असल्याने पुढे एक भाग बदलला तरी दुसरा कामी येतो. दुकानात आपला कॅमेरा आणि आपले सर्वांत लांब भिंग घेऊन जावे. पाय पूर्ण उघडून, मधला दांडा खाली ठेवून, वरच्या बैठकीवर तळहात दाबून पीळ द्यावा आणि ती किती वळते ते पाहावे. मग दूरच्या पाटीवर भिंग रोखून, पडद्यावर चित्र मोठे करून, एका पायाला हलकी टिचकी मारावी आणि थरथर शमायला लागणारा वेळ दोन-तीन ट्रायपॉडांवर ताडून पाहावा. हेड आवळल्यानंतर चौकट सरकते का, हेही याच वेळी कळते. शेवटी सुट्या भागांची, म्हणजे बूट, खटके आणि प्लेट यांची, उपलब्धता विचारावी. दुकानदाराला या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर तो ट्रायपॉड घेऊ नये.

वापराच्या जागेचे नियमही खरेदीपूर्वी ठाऊक असावेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारकांत हाती धरलेल्या कॅमेऱ्याला सहसा आडकाठी नसली तरी ट्रायपॉड लावण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि १९४२ मध्ये अटक झाल्यानंतर जेथे पंडित नेहरू स्थानबद्ध होते तो शहरातील भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तेथील निर्बंध आणखी कडक आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रात्री थांबण्याबाबत वनविभागाच्या सूचना हंगामाप्रमाणे बदलतात, त्या निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.

घेतलेल्या ट्रायपॉडचे आयुष्य त्याच्या धुण्यापुसण्यावर ठरते. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पावसात भिजलेले पाय मिटवून पिशवीत ठेवले तर आतले पाणी तसेच राहते, म्हणून घरी आल्यावर सर्व भाग उघडून रात्रभर सावलीत वाळवावेत. नदीच्या वाळूत उभा केलेला ट्रायपॉड साध्या पाण्याने धुवावा आणि ट्विस्ट लॉक असल्यास कडी पूर्ण सोडवून, नळी बाहेर काढून, आतील प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा क्रम लक्षात ठेवून आटे दातांच्या जुन्या ब्रशने साफ करावेत. तेल घालण्याचा मोह टाळावा. तेलाला धूळ चिकटते आणि पकड सुटते. आट्यांना उत्पादकाने सांगितलेले ग्रीस अगदी पातळ लावावे, आणि पायांच्या बिजागरीचे स्क्रू सोबत मिळालेल्या षट्कोनी चावीने वर्षातून एक-दोनदा आवळावेत.